उरकुड्यांच्या ओट्यावरचं धरणं

मे महिन्यात चंद्रपुरात समाजकार्य करायचं तर ते कुलर असलेल्या घरातच करावं लागतं. समान निवारा मंडळाच्या बैठका एरवी वाचनालयाच्या टिनाच्या हॉलमध्ये भरत. पण त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, ऊन असं तापलं की भर ठरावात एका सभासदाला भोवळ आली. तेव्हा अध्यक्ष वामनराव उरकुडे यांनी मोठ्या मनानं जाहीर केलं की पावसाळा लागेपर्यंत मंडळ आपल्या घरच्या बैठकीतच बसेल. मोठं मन वामनरावांचं होतं. पोहे, चहा आणि कुलरच्या टाकीत दर तासाला ओतायचं पाणी मनकर्णाबाईंचं. लग्न होऊन आल्यापासून घरातली कामं अशीच वाटलेली होती, त्यामुळे त्याचं त्यांना विशेष काही वाटलं नाही.

मंडळाचं काम चांगलं होतं, हे त्याही मान्य करीत. विजेच्या मोठ्या कारखान्याचं काम सुरू झालं, कोळशाच्या नव्या खाणी उघडल्या, आणि आरमोरीपासून सिरोंच्यापर्यंतची माणसं नोकरीसाठी शहरात येऊ लागली. जुन्या शहराच्या परकोटाच्या आत पाय ठेवायला जागा उरली नाही. मग परकोटाबाहेर, मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगानं, धानशेतीच्या बांध्या मोडून प्लॉटांचे लेआउट पडले. लोक खाली स्वतः राहत आणि वरचा मजला भाड्यासाठी बांधत. दारात जागा विचारायला कुणी आलं की पहिला प्रश्न आडनावाचा. आडनाव बौद्धाचं निघालं की वरची जागा त्याच क्षणी कुणा पुतण्याला दिलेली असे. वामनरावांच्या नवजीवन लेआउटमध्ये त्या काळात इतके पुतणे राहायला येणार होते, की ते खरोखर आले असते तर त्यांच्यासाठी आणखी एक लेआउट पाडावा लागला असता.

शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाल्यावर वामनराव ह्या अन्यायावर तुटून पडले. घरी ते ‘मले भाकर वाढ’ म्हणत; पण सभेत उभे राहिले की तोंडातून पुण्याची भाषा निघे, आणि एकदा निघाली की ती आवरत नसे. मंडळाची पद्धत त्यांनीच बसवली होती. एका मोकळ्या जागेसाठी आज एक जोडपं पाठवायचं, उद्या दुसरं. पगार सारखा, लेकरं सारखी, कपडे सारखे. फरक फक्त आडनावाचा. दोघांना दोन उत्तरं मिळाली की घरमालक सापडला. ह्याला वामनराव ‘युग्म-परीक्षण’ म्हणत आणि बाकीचे सभासद ‘जोडी पाठवणं’ म्हणत. सापडलेल्या मालकाचं नाव मात्र ठराव मंजूर होईपर्यंत सभेत उघड करायचं नाही, असा नियम होता. तोही वामनरावांचाच. कारण सभासदांचे व्याही-जावई सगळ्या लेआउटांत पसरलेले होते, आणि आधी नाव कळलं की हात वर होत नसत.

मंडळाची सचिव होती त्यांचीच मुलगी सीता. वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती, बोलायला कमी आणि ऐकायला तिखट. तिच्याच सोयरिकीसाठी त्या शनिवारी पोंभुर्ण्याहून वामनरावांचे धाकटे भाऊ श्रीहरी आणि त्यांची बायको रुखमा येऊन उतरले होते. रुखमाच्या भावाचा मुलगा आरमोरीला राइसमिल चालवत होता. मंगळवारी तो मुलगी पाहायला येणार होता. रुखमाच्या तोंडी शनिवारपासून दुसरा विषय नव्हता. मनकर्णाबाईंना स्थळ पसंत होतं. सीतेला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही अजून काही सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी बैठकीत मंडळ भरलं, आणि आत स्वयंपाकघरात दोघी जावा आमरसासाठी आंबे पिळायला बसल्या. दुपारी रस आणि काडीवर वळलेल्या गव्हाच्या सरगुंड्यांचा बेत होता. मधे फक्त एक पडदा. कुलरची घरघर आणि तिच्यावरून सभेचं बोलणं, दोन्ही आत येत होती. मनकर्णाबाई सभेकडे लक्ष देत नसत. भाषण सुरू झालं की कुकरची शिटी ऐकावी तसं त्या ते ऐकत. झालं की उठायचं, एवढ्यापुरतं.

पण आज एका बाईचा आवाज आला आणि त्यांचा हात कोयीवरच थांबला.

“मी वच्छला निमगडे. सरकारी दवाखान्यात नर्स आहो. मागच्या आठवड्यात मले अन् माह्या नवऱ्याले सीताताईनं एका घरी पाठवलं होतं.”

वच्छला सांगत गेली. घर चांगलं होतं, बाहेरून जिना होता, ओट्यावर सावली होती. घरची बाई वागायला मायाळू वाटली. उन्हातून आले म्हणून तिनं बसायला चटई टाकली, प्यायला पाणी दिलं, गाव कोणतं, लेकरं किती, हे सगळं विचारलं. मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर तिनं पदर सावरला, रिकाम्या गिलासाकडे पाहिलं, आणि वरची जागा परवाच पुतण्याला दिली म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिथेच मंडळात नुकतेच आलेले, बैठकीला आज पहिल्यांदाच बसलेले धोटे मास्तर आणि त्यांची बायको गेली, तर त्यांना तिनं पन्हं पाजलं, वर नेऊन कोणत्या खिडकीतून वारा येतो तेही दाखवलं, आणि पुतण्याचा विषयच निघाला नाही.

“मले नाई म्हणली त्याचं काही नाई,” वच्छला शेवटी म्हणाली. “ते आमाले सवयीचं आहे. पण मी निंगाले लागली तं ते बाई म्हणते, ऊन लई आहे, डोक्यावर पदर घेऊन जाय. ते मले जास्त लागलं.”

आत रुखमा खुदकन हसली. “कोण आहे बाई ते,” ती जावेला म्हणाली. “आपल्यासारखीच दिसते.”

रसाचे हात तसेच धरून मनकर्णाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. बाईला ओळखायला त्यांना उशीर लागला नव्हता. दवाखान्यातली आहे हे तेव्हा बाईनं सांगितलं होतं, मंडळाची आहे हे नव्हतं सांगितलं. आणि सीता त्या दिवशी कॉलेजात लवकर का गेली, हेही त्यांना आता कळलं. पोटच्या पोरीनं आपल्या दारात जोडी पाठवली होती.

बाहेर वामनराव उभे राहिले होते. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, खाकरल्याचा आला, आणि पुण्याची भाषा सुरू झाली.

ते फार सुंदर बोलले. ज्यांनी ऐकलं ते अजून सांगतात की वामनराव इतके पोटतिडकीनं पुन्हा कधी बोलले नाहीत. तहानलेल्याला पाणी द्यायचं आणि छप्पर नाकारायचं, ह्यापरता ढोंगीपणा नाही, असं ते म्हणाले. असल्या घराच्या भिंती पक्क्या असतील, पण पाया कुजका आहे, असं म्हणाले. त्या घरातला कर्ता पुरुष कोण आहे, तो ह्या वेळी कुठे लपून बसला आहे, असाही प्रश्न त्यांनी हात पसरून विचारला. धोटे मास्तर त्या वेळी छताकडे बघत होते. कुणीतरी सुचवलं की आधी मालकाला समजावून पाहावं. वामनरावांना ते सहन झालं नाही. समजावणीचे दिवस संपले, ते म्हणाले. आजच्या आज, ह्याच उन्हात, मंडळानं त्या घराच्या ओट्यावर जाऊन धरणं धरावं, आणि मालक जागा खुली करीपर्यंत उठू नये. अध्यक्ष ह्या नात्यानं सगळ्यांत पुढे मी बसेन.

ठराव एकमतानं मंजूर झाला. वामनरावांनी दोन्ही हात वर केले.

मग सीता म्हणाली, “घर नवजीवन लेआउटमधलंच आहे. मालकाचं नाव मनकर्णा वामनराव उरकुडे.”

वामनरावांचे वर गेलेले हात एकेक करून खाली आले.

नाव खरं होतं. वामनराव नोकरीत असताना वरच्या साहेबांनी घर कशाच्या जिवावर बांधलं असं विचारू नये, म्हणून त्यांनी प्लॉट आणि घर दोन्ही बायकोच्या नावावर केलं होतं. बाईंनी सही केली होती आणि विसरून गेल्या होत्या. इतक्या वर्षांत त्या घराच्या मालकीण आहेत असं मोठ्यानं कुणी म्हटल्याची ही पहिलीच वेळ.

वामनराव सावरले ते लवकर सावरले. विस्तार अधिकारी म्हणून त्यांनी पुष्कळ शाळांत अशा वेळा निभावल्या होत्या. ते खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले की ही बाब वेगळी आहे. हा अन्याय नसून अज्ञान आहे. घरातली बाई शिकलेली नसली की असं घडतं, आणि अज्ञानावर उपाय धरणं नसून प्रबोधन आहे. ठराव पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवावा आणि तोवर एक उपसमिती नेमावी. उपसमितीवर काम करायची त्यांची स्वतःची तयारी होती.

मनकर्णाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले, आणि पडदा सारून बाहेर आल्या. चहाचा ट्रे हातात नसताना त्या बैठकीत कधी आलेल्या नव्हत्या, म्हणून दोन-तीन सभासद सवयीनं ट्रेसाठी हात पुढे करून बसले होते. त्यांनी ते मागे घेतले.

“मी नाई म्हणलं, खरं आहे,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचाच होता. “ह्या बाईले म्हणलं. हिच्या आधी आले त्यायले बी म्हणलं. पण एक गोष्ट ह्यायच्यासमोर सांगतो. वर मजला झाला तवा पयले पोस्टातला एक माणूस आला होता. बायको होती, कडेवर लेकरू होतं. दारात हे उभे होते. हे त्याले म्हणले, या ना, घर तुमचंच आहे. मग आत आले अन् मले म्हणले, मी तर हो म्हणून बसलो, आता तू पाहून घे. मी पाहून घेतलं. तवापासून दारावर कोणी आलं का हे न्हाणीत जाते, नाई तं पेपर घेऊन मागच्या अंगणात. अन् मी पाहून घेतो.”

“मनकर्णे,” वामनराव म्हणाले.

“मी खोटं बोलत असन तं सांगा.”

वामनरावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. ते सांगू शकले असते; पण समोर सीता बसली होती, आणि ती त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघत होती, तीत त्यांना पोस्टातल्या माणसाची ती सकाळ आठवणारं आणखी कुणीतरी दिसलं असावं. त्या वेळी सीता शाळेत होती आणि त्याच खोलीत कविता पाठ करत होती.

धोटे मास्तर तसे मऊ माणूस. पण पाहणीसाठी त्यांनी बायकोसकट उन्हात पायपीट केली होती, आणि उपसमिती हा शब्द त्यांना शाळेपासून आवडत नसे. त्यांनी विचारलं की ठराव एकमतानं झालेला असताना तो राखून कसा ठेवायचा. मंडळ उठलं, चपला घालून बाहेर गेलं, आणि उरकुड्यांच्या ओट्यावर जाऊन बसलं. सगळ्यांत पुढे, दाराकडे तोंड करून, अध्यक्षांना बसावं लागलं, कारण तसं त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं. ओट्यावरची सावली सकाळची असते. अकरा वाजून गेले होते आणि ती भिंतीला लागून इंचभर उरली होती. वामनरावांनी डोक्याला दुपट्टा बांधला. शेजारच्या घरांच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. लेआउटमध्ये इतक्या खिडक्या आहेत हे कुणाला माहीत नव्हतं.

दार आतून लोटून घेतल्यावर घरात वेगळीच सभा सुरू झाली.

श्रीहरी सकाळपासून मागच्या खोलीत पंख्याखाली पडून होते. त्यांना मंडळाचं काही देणंघेणं नव्हतं. थोरल्या भावाला निवृत्तीनंतर काहीतरी चाळा हवा, एवढंच ते समजून होते. आता मात्र ते उठून बसले. वहिनीला त्यांनी शांतपणे सांगितलं की बाहेरच्यांना पोहे द्यावेत, दोन गोड शब्द बोलावेत आणि घरी पाठवावं. जागा द्यायचं नाव काढू नये. वरच्या भाडेकऱ्याचा जिना वेगळा असला तरी पाणी वेगळं नाही. मागच्या अंगणातली विहीर श्रीहरींनी स्वतः उभं राहून खणवली होती. पोंभुर्ण्याचे बैल विकून तिचा दगड आणला होता. त्या विहिरीवर दुसऱ्यांचे बादली-दोर पडलेले आपल्याला चालणार नाहीत, असं त्यांनी सरळ सांगितलं.

“मी तोंडावर बोलतो वैनी,” ते म्हणाले. “भाऊसारकं भाषण मले येत नाई.”

हे खरं होतं, आणि ते खरं आहे म्हणूनच मनकर्णाबाईंना जास्त जड गेलं. दिराचं म्हणणं त्यांना नवीन नव्हतं. त्याच म्हणण्यात त्या वाढल्या होत्या, त्याच्यावरच त्यांनी इतक्या माणसांना दारातून परत पाठवलं होतं. फरक इतकाच की श्रीहरी जे बोलत होते ते त्यांनी स्वतः कधी तोंडानं म्हटलं नव्हतं. त्या पुतण्याचं नाव घेत असत. आज कुणीतरी ते उघडं करून समोर ठेवलं, तर ते हातात धरवेना.

रुखमाचं गणित सोपं होतं. वर बौद्ध भाडेकरू आला की आरमोरीची सोयरीक मोडली. तिचा भाऊ ह्या घरचं पाणी पिणार नाही, आणि पाणी न पिता मुलगी कशी करणार. तिनं जावेचा हात धरला. सकाळपर्यंत मोठ्या जावेच्या बाजूची होती ती, रसात साखर किती घालायची हेही तिला विचारून करत होती. आता हात धरून ती म्हणाली की पोरीचं वाटोळं करू नका बाई, तुमच्या पाया पडतो.

मनकर्णाबाईंनी सीतेकडे पाहिलं. धरण्याला बसलेले सभासद बाहेर, घरचे आत, आणि सीता दोन्हीच्या मधे उंबऱ्याशी उभी होती. सचिव म्हणून तिनं बाहेर जायला हवं होतं आणि मुलगी म्हणून आत यायला.

“तुले सांगता आलं असतं मले,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “अशी परीक्षा घ्याले पायजे होती काय आईची?”

“मी सांगितलं होतं, आई. दोनदा. तू म्हणली, बाबाले विचार. बाबा म्हणले, आईले विचार.” सीतेनं काकूकडे पाहिलं. “अन् आरमोरीचं म्हणाल तं मले राइसमिल नाई करायची. काकूले आजच सांगून टाकतो, मंगळवारपर्यंत कायले लांबवता.”

रुखमा मटकन खाली बसली. मग लगेच उठली, पिशवी भरायला लागली. श्रीहरींनी तिला थांबवलं नाही. रस पातेल्यात तसाच राहिला, सरगुंडे ताटात वाळत पडले. दोघं मागच्या दारानं निघाले, तेव्हा श्रीहरी वहिनीला एवढंच म्हणाले की घर तुमच्या नावावर आहे, मले तवा माहीत असतं तं बैल विकले नसते. हे ते विनोदानं म्हणाले की रागानं, हे मनकर्णाबाईंना पुढे कितीतरी वर्षं ठरवता आलं नाही. पोंभुर्ण्याची एसटी बाराला होती.

मग त्यांनी समोरचं दार उघडलं.

वामनरावांचं तोंड पिकलेल्या टमाट्यासारखं झालं होतं. मंडळाच्या निम्म्या लोकांनी रुमालाची टोपी करून डोक्यावर ठेवली होती. कुणीतरी घोषणा सुरू केल्या होत्या, पण ज्याच्याविरुद्ध द्यायच्या तो स्वतःच पुढे बसून त्या म्हणत असल्यामुळे त्यांना जोर येत नव्हता. बाईंना पाहून घोषणा थांबल्या.

“वरची जागा मोकळी आहे,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “जो पयले येईन त्याची. आडनाव मी नाई विचारणार. अन् आणखी एक. आजपासून दारात मी उभी नाई राहणार. हो म्हणायचं का नाई म्हणायचं, ते हे म्हणतीन, तिथी उभं राहून, आपल्या तोंडानं.”

टाळ्या वाजल्या. टाळ्यांचा आवाज ऐकल्याबरोबर वामनरावांना धीर आला. ते उठले, दुपट्टा सोडला, आणि उन्हानं घसा सुकलेला असतानाही त्यांची भाषा परत आली. आजचा दिवस ऐतिहासिक आहे, असं ते म्हणाले. आपल्याच घरापासून प्रारंभ करण्याचं भाग्य आपल्याला लाभलं. आणि ह्या क्षणी, सर्वांसमक्ष, ते ही वास्तू भगिनी वच्छलाताई निमगडे यांना देत आहेत.

वच्छला पायात चप्पल घालत होती. ती न बघताच म्हणाली, “मले क्वार्टर आहे साहेब. मी जागा मागाले नव्हती आली. मी तुमचं घर पाहाले आली होती.”

लोक पांगले. वच्छला फाटकाशी पोचली तेव्हा मनकर्णाबाई तिच्या मागून गेल्या. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. राग नको मानू बाई, असं त्या म्हणाल्या. वच्छला थांबली. तिच्या कपाळावर घाम होता, दवाखान्यात दुपारची पाळी होती, आणि तिला उशीर होत होता.

“राग नाई,” ती म्हणाली. “पण माफी मले नका मागू. मी इथी राहणार नव्हती. मी ‘नाई’ ऐकलं अन् माह्या घरी गेली. जे खरंच राहाले आले होते, सामान कुठीतरी ठेवून, लेकरू घेऊन, ते कुठी गेले असतीन ते पाहा.”

ती गेल्यावर मनकर्णाबाईंनी ओटा धुतला. धुताना त्यांना तोंडं आठवू लागली. सगळी आठवली नाहीत, आणि आठवली नाहीत ह्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

वामनरावांना असलं काही आठवत बसायला सवड नव्हती. बुधवारपर्यंत त्यांनी घडलेल्या प्रकाराला व्यवस्थित वळण लावून टाकलं. जो भेटेल त्याला ते सांगू लागले की पद्धतीचा कस लागावा म्हणून आपणच मुलीला आपल्या घरी जोडी पाठवायला सुचवलं होतं. शनिवारी गावातल्या साप्ताहिकात बातमी आली: स्वतःच्या घरासमोर स्वतः धरणं धरणारा जिल्ह्यातला पहिला समाजसेवक. बातमी कुणी पाठवली हे शब्दांवरूनच कळत होतं. पोंभुर्ण्याहून निरोप नव्हता. आरमोरीहून आला होता, तो इथे लिहिण्यासारखा नाही. सीतेनं बातमी वाचली, घडी घातली, आणि वडिलांना विचारलं की आता मोकळ्या जागेचं काय. त्यांनी सांगितलं की येतील लोक, घाई काय.

लोक आले ते पुढच्या सोमवारी, भर दुपारी. वच्छलेनंच पाठवलं होतं. श्रावण बारसागडे विजेच्या कारखान्यात नव्यानं लागलेला, मूळ आरमोरीकडचा. बायको गुणाबाई, सातव्या महिन्यात. दोघं आजवर त्याच्या बहिणीच्या एका खोलीत राहत होते. कडी वाजली तेव्हा वामनराव पेपर घेऊन उठले आणि मागच्या अंगणाकडे निघाले. दोन पावलं गेल्यावर त्यांना आठवलं. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मनकर्णाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“अवं, कोण आहे पाहा जरा,” वामनराव म्हणाले.

मनकर्णाबाईंनी सुपातले खडे बाजूला काढले. कडी पुन्हा वाजली. वामनराव दाराकडे गेले.

आतून मनकर्णाबाईंना सगळं ऐकू आलं. श्रावणनं नाव, गाव, आडनाव न विचारता सांगून टाकलं. माणसाला असं आधीच सांगून मोकळं व्हायची सवय लागते. वामनरावांनी हातातल्या पेपरची घडी घातली. मग ते म्हणाले, या. वर घेऊन गेले, खाली आले, भाडं बोलले, आणि ते वाजवी होतं. जागा तुमची, असंही म्हणाले. मनकर्णाबाईंच्या हातातलं सूप खाली आलं. इतक्या वर्षांत नवऱ्याबद्दल त्यांना असं काही वाटलं नव्हतं, आणि काय वाटतंय हे कळायच्या आत ओट्यावरून वामनरावांचा पुढचा आवाज आला. तो आवाज सभेतलाही नव्हता आणि घरचाही नव्हता.

“पाण्याचं म्हणाल तर कोपऱ्यावर नगरपालिकेचा नळ आहे. जवळच आहे. सकाळी तासभर चांगलं येतं. हिरीचं कसं आहे, की तिले आता तळच लागला आहे.”

गुणाबाई म्हणाली, हो ना, नळावरून आणून घेऊ. तिचा श्वास अजून जिन्याचाच चालू होता.

मनकर्णाबाई उठल्या. मागच्या अंगणात गेल्या, रहाटावरची दोर-बादली सोडली, विहिरीत टाकली. बादली लगेच लागली. मे महिन्यातही त्या विहिरीला पुरुषभर पाणी असतं, हे श्रीहरींनी खणवलं तेव्हापासून सगळ्यांना माहीत होतं. भरलेली बादली वर काढून त्यांनी काठावर ठेवली. मग घरातून ओट्यावर आल्या. वामनराव चष्मा पुसत होते. त्यांच्याकडे न बघता बाई गुणाबाईला म्हणाल्या, “चाल माय, हीर दाखवतो. दोर जरा जड आहे, तू वढू नको, त्याले वढू दे.”

गुणाबाईनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग वामनरावांकडे. वामनरावांनी दाराच्या चौकटीवरचा हात काढून घेतला आणि बाजूला झाले. ओट्यावरून जवळची वाट तीच होती. बैठकीतून, पडद्यापलीकडून, स्वयंपाकघर ओलांडून ती दोघं मनकर्णाबाईंच्या मागोमाग मागच्या अंगणात गेली.